‘केस झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, वकिलांच्या टेबलांपाशी सकाळी तासभर बसले तर एक वाक्य चार-पाच वेळा तरी कानावर पडते : “साहेब, आमच्या पोरावर केस झालीय.” मुरलेला वकील यावर धीरही देत नाही आणि घाबरवतही नाही. तो एवढेच विचारतो, “पोलिसांनी कागद काय दिलाय? तारीख कुठली आहे त्याच्यावर?” समोरचा माणूस गोंधळतो. तो पोराच्या स्वभावाबद्दल सांगायला आलेला असतो, आणि हा कागद मागतो आहे!

पण वकिलाचे बरोबर असते. ‘केस झाली’ या दोन शब्दांत निदान पाच निराळ्या गोष्टी मावतात. ठाण्यात नुसती अदखलपात्र नोंद झालेली असेल. गुन्हा दाखल झाला असेल. हजर राहण्याचे समजपत्र आले असेल. अटक झाली असेल. किंवा दोन वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र जाऊन आज कोर्टाचे समन्स दारात आले असेल. प्रत्येक वेळी करायची गोष्ट वेगळी, तिची मुदत वेगळी, कधी कधी जायचे कोर्टही वेगळे. फौजदारी कायद्याबद्दल लोक जे विचारतात, त्यातले बरेच प्रश्न असे एखाद्या शब्दात अडकलेले असतात. शब्द घराघरातला असतो, पण कोर्टाच्या पायरीवर त्याचा अर्थ पालटतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून आकडेही पालटले. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. ‘चारसोबीस’ हा शब्द आपल्या बोलण्यात मुरलेला. पण न्याय संहितेत कलमेच ३५८ आहेत, तेव्हा ४२० वे कलम आता अस्तित्वातच नाही. फसवणूक ३१८ मध्ये गेली. ‘तीनशे दोन’ म्हणजे खून हे शाळकरी मुलालाही माहीत होते; खून आता १०३ मध्ये आहे आणि ३०२ वर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द येऊन बसले आहेत. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. म्हणून पुढची बरीच वर्षे कोर्टात दोन्ही आकडे नांदणार आहेत.

“तक्रार घेतली, पण पोलीस काहीच करत नाहीत”

बांधावरून भांडण होते, शिव्या होतात, दोन थपडा बसतात. माणूस ठाण्यात जातो, ठाणे अंमलदार लिहून घेतो, एक कागद हातात देतो. महिना उलटतो, कोणी फिरकत नाही. हातातला कागद उलगडला की उत्तर तिथेच असते : वर ‘अदखलपात्र’ असे लिहिलेले असते. लोकांच्या तोंडी ती ‘एनसी’.

गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. खून, दरोडा, चोरी, बलात्कार, फसवणूक ही त्यातली. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी हे एनसीचे नेहमीचे त्रिकूट. पूर्वी ३२३, ५०४, ५०६ आणि आता ११५(२), ३५२, ३५१(२). म्हणजे एनसी घेऊन पोलीस गप्प बसले, तर तो नेहमीच आळस नसतो. कायद्यानेच त्यांचे हात बांधलेले असतात. अशा वेळी फिर्यादीने दंडाधिकाऱ्याकडे जाऊन तपासाचा आदेश मागायचा किंवा थेट खासगी फिर्याद द्यायची. एनसीच्या कागदावर तसे सुचवलेलेही असते, पण ते बारीक अक्षर वाचतो कोण?

उलटही घडते. मामला उघड दखलपात्र असतो आणि तरी ठाण्यात “आधी अर्ज द्या, चौकशी करू” म्हणतात. यावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी प्रकरणात निकाल दिलेला आहे : मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजी, भ्रष्टाचार अशा काही प्रकारांत आधी प्राथमिक चौकशीला त्या निकालाने वाव ठेवला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौकशी करायला मुभा दिली, पण तिला १४ दिवसांची हद्द घातली. त्याच कलमाने आणखी दोन गोष्टी पक्क्या केल्या. गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, खबर कोणतेही ठाणे घेईल; हीच ‘झिरो एफआयआर’. आणि ऑनलाइन खबर दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. खबरीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

तरीही नोंदवून घेतले नाही, तर? वाद घालत उभे राहू नये. तक्रार लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात पोलीस आयुक्तालयाकडे रजिस्टर टपालाने पाठवावी आणि पावती जपून ठेवावी. तिथूनही काही हलले नाही, तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. खालची पायरी चढल्याचा कागद नसेल, तर वरच्या पायरीवर अडायला होते. ती पावती म्हणूनच मोलाची.

इथे एक सावधगिरी. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत म्हणून ‘फसवणुकीची केस टाका’ असा आग्रह फार होतो. पैसे बुडवणे आणि फसवणे यांत कायदा फरक करतो. पैसे घेतानाच ते न देण्याचा इरादा होता, हे दिसले तर फसवणूक. नंतर परिस्थिती फिरली आणि देता आले नाहीत, तर तो दिवाणी दावा. हातात न वटलेला चेक असेल तर रस्ता तिसराच, आणि तो ठाण्यात जात नाही. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद. पोलिसांच्या मागे फिरण्यात पहिले ३० दिवस घालवून मग वकिलाकडे आलेली माणसे कमी नाहीत.

“फोन आला, ठाण्यात या म्हणाले. जाऊ का?”

आधी हे विचारावे : साक्षीदार म्हणून बोलावले आहे, की संशयित म्हणून? फोनवर दोन्ही आवाज सारखेच वाटतात.

साक्षीदाराला बोलावण्यासाठी लेखी आदेश लागतो. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कोणतीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचे. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी वयाची मर्यादा ६५ होती, ती नव्या कलम १७९ ने ६० वर आणली. स्वतःहून जायची तयारी असेल, तर जाता येते.

संशयिताला येते ते कलम ३५(३) चे समजपत्र. जुने लोक त्याला अजून ‘४१अ ची नोटीस’ म्हणतात. हे समजपत्र म्हणजे अटकेचा कागद नव्हे. अटक टाळण्याचा तो मार्ग आहे. दिलेल्या तारखेला हजर राहून तपासाला सहकार्य केले, तर सहसा अटक करता येत नाही. करायचीच झाली तर पोलिसांनी तिची कारणे नोंदवायला हवीत. समजपत्र टाळून गावाबाहेर जाणारा मात्र स्वतःच अटकेचे कारण पुरवतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे समजपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही. ते रीतसर बजावले पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपचा विषय निघालाच आहे, तर ‘डिजिटल अटक’ हा शब्दही निकालात काढू. खाकी वर्दीतला कोणी व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधार कार्डावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले म्हणतो, कॅमेऱ्यापुढून हलू नका म्हणतो आणि शेवटी पैसे ‘पडताळणीसाठी’ पाठवायला सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. माणसाने बोलून किंवा वागून स्वतःला ताब्यात दिले नाही, तर अटक करताना त्याच्या देहाला स्पर्श करावा किंवा त्याला अडवून ठेवावे लागते, असे कलम ४३ सांगते. पडद्यातून हात बाहेर येत नाही. फोन ठेवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पैसे गेलेले असले तर जितक्या लवकर, तितके बरे.

ठाण्यात गेल्यावरचा ठरलेला प्रश्न : “जबाबावर सही करू का?” फिर्याद दिली असेल तर ती वाचून घेऊन सही करायची असते. पण तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेता येत नाही. कलम १८१ चा तसा स्पष्ट मज्जाव आहे. कारण असा जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदार पुढे फिरला, तर मुख्यतः त्याची उलटतपासणी करायला तो उपयोगी पडतो. कोऱ्या कागदावर तर कुणाच्याच सांगण्यावरून सही करू नये.

वर्तमानपत्रात हटकून छापून येणारे एक वाक्य असते : ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ वाचकाला वाटते, संपले. कोर्टात मात्र पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीची किंमत शून्य. ती आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या कायद्यात होते आणि नव्या अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. मारून-धमकावून कबुली काढता येते, हे इंग्रजांच्या राज्यातल्या कायदेकर्त्यांनाही ठाऊक होते. अपवाद एवढाच, की कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून सुरा किंवा चोरीचा माल सापडला, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. म्हणूनच पोलीस पंचांसमोर निवेदन पंचनामा करतात आणि खटल्यात वकिलांची खरी झुंज त्या पंचनाम्यावर होते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा संविधानाच्या अनुच्छेद २० चा आधार तर प्रत्येक आरोपीला आहेच.

“रात्री उचलून नेला. आता?”

‘उचलून नेला’ आणि ‘अटक केली’ यांच्यामध्ये जो वेळ जातो, तोच सर्वांत धोक्याचा. कायद्याने अटकेला कागद लागतो. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेचा पंचनामा घरच्या माणसाने किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताने साक्षांकित करायचा आणि त्यावर अटक झालेल्याची सही घ्यायची. नातेवाइकाला खबर द्यायची. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले हे नियम पुढे कायद्यातच आले. चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसून राहील, असा तो हक्क नाही.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन करायची. साठी ओलांडलेल्या किंवा दुर्बल व्यक्तीला, गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. ही तरतूद नवी आहे.

अटकेची कारणे लेखी, आणि तीही अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी लागू केले. मुंबईतल्या वरळीच्या एका अपघाताच्या प्रकरणातून हा निकाल आला. लगेच देणे शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या निदान दोन तास आधी तो कागद हातात पडला पाहिजे. गुन्ह्याचे नाव आणि कलमे सांगणे वेगळे. ‘याच माणसाला का धरले’ हे लिहून देणे वेगळे.

आणि २४ तास. प्रवासाचा वेळ वगळून तेवढ्या अवधीत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे संविधानाच्या अनुच्छेद २२ ने बंधनकारक केले आहे. म्हणून घरच्यांनी धावाधाव करताना एक गोष्ट लिहून ठेवावी : किती वाजता नेले, कुठून नेले, कोणी पाहिले. पुढे वकिलाच्या हाती हे सगळ्यांत आधी लागते.

“न्यायालयीन कोठडी झाली, म्हणजे वाईट झाले ना?”

टीव्हीवर ‘१४ दिवसांची न्यायालयीन कोठडी’ ऐकले की घरात रडारड होते. वकिलाला मात्र त्यात बरेचदा सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. पोलीस कोठडी म्हणजे आरोपी तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे तो तुरुंगात, कोर्टाच्या ताब्यात. आता पोलिसांना चौकशीसाठी तो हवा असेल, तर कोर्टाला विचारावे लागते. कोर्टाच्या आवारातल्या बोलीत पहिली ‘पीसीआर’, दुसरी ‘एमसीआर’. पीसीआर संपून एमसीआर झाला, की जामिनाच्या अर्जाला खरी धार येते. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून अधिक देता येत नाही. मात्र पूर्वी ती सुरुवातीच्या पंधरवड्यातच मागावी लागे; नव्या कलम १८७ प्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते.

जामीन या शब्दाभोवतीचा गैरसमज सर्वांत मोठा. गावात एक बाजू पेढे वाटते, दुसरी म्हणते ‘पैसे चारून सुटला’. दोघांचेही चुकते. जामीन हा गुन्ह्याचा निकाल नाही. खटला चालेपर्यंत हा माणूस पळणार नाही, साक्षीदारांना धमकावणार नाही, याची हमी घेऊन त्याला बाहेर ठेवणे एवढाच त्याचा अर्थ. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क आहे, ठाण्यातच मिळायला हवा. आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे धरून निव्वळ जातमुचलक्यावर सोडायचे, असे कायदाच सांगतो. अजामीनपात्र याचा अर्थ ‘जामीन मिळतच नाही’ असा नसून, तो देणे-न देणे कोर्टाच्या हाती, एवढाच आहे. अटकेची धास्ती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. त्यासाठी गुन्हा दाखल होईपर्यंत थांबावे लागत नाही. ‘अ‍ॅट्रॉसिटी’च्या कायद्यात मात्र हा दरवाजा बंद आहे, तक्रारीवरून गुन्हा सकृद्दर्शनीच दिसत नसेल, तेवढ्यापुरता तो किलकिला होतो.

जामीन मंजूर झाला आणि तरी माणूस आत राहिला, असे का होते? जामीनदार मिळत नाही म्हणून. सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो, कोणी तरी आपली जमीन दुसऱ्याच्या पोरासाठी अडकवायला तयार व्हावे लागते. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता, आणि भावाने दिलेली हमी दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या रीतीवर कोरडे ओढले. आजही हा निकाल पुढे ठेवून रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो.

आणखी एक घड्याळ लोकांच्या लक्षात राहत नाही. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करायचे असते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत. मुदत चुकली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग गुन्हा कितीही मोठा असो. पण हा हक्क मागावा लागतो. ६१ व्या दिवशी अर्ज केला नाही आणि ६२ व्या दिवशी दोषारोपपत्र आले, तर हक्क गेला. दिवस मोजताना दंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवसही धरायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मिटवला. एका दिवसाच्या हिशेबावर माणूस आत की बाहेर, हे ठरते.

“आमचे मिटले. केस मागे घेता येईल?”

ज्याने दिली त्यानेच परत घ्यायची, यात अवघड काय, असे लोकांना वाटते. पण फौजदारी खटल्याच्या कागदावर नाव असते ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. गुन्हा नोंदवला गेला, की फिर्यादी त्याचा मालक उरत नाही. तो साक्षीदार होतो. तरीही रस्ते आहेत. साधी मारहाण, शिवीगाळ अशा गुन्ह्यांत कायदाच तडजोडीला परवानगी देतो; फसवणुकीसारख्या काहींत कोर्टाच्या संमतीने. कलम ३५९ मध्ये त्याचा तक्ताच दिलेला आहे. तक्त्यात नसलेल्या गुन्ह्यासाठी, उदाहरणार्थ नवरा-बायकोतल्या छळाच्या, म्हणजे जुन्या ‘४९८अ’ च्या प्रकरणात, समझोता झाला असेल तर उच्च न्यायालयाकडून गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. वाद खासगी स्वरूपाचा असेल तर असे करता येते, पण खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे आपसात मिटले म्हणून रद्द होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ग्यानसिंग प्रकरणात २०१२ मध्ये सांगितले. उच्च न्यायालयासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीजवळचे पर्वरी गाठावे लागते; पूर्वी कोल्हापूरकरांनाही मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली आहे.

याच्याच पाठीला पाठ लावून येतो तो सवाल : “खोटी केस टाकलीय, उलटी केस टाकू का?” टाकता येते, खोटी माहिती देणे आणि खोटा आरोप करणे दोन्ही गुन्हे आहेत. पण ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे होते’ यांत अंतर आहे. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना कोर्टाला जो अहवाल देतात, त्यात हे अंतर नेमके उमटते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘ए समरी’. गुन्हा जाणूनबुजून खोटा नोंदवला, तर ‘बी समरी’. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून नोंदवला गेला, तर ‘सी समरी’. उलट्या कारवाईचा विचार बी समरीनंतर करावा. आणि फिर्यादीलाही हे ठाऊक असावे, की समरी मंजूर होण्यापूर्वी कोर्टाने त्याला नोटीस देऊन ऐकले पाहिजे.

“सुटला, म्हणजे डाग पुसला ना?”

‘सुटला’ हा तर फारच मोघम शब्द. जामिनावर सुटला, तर खटला उभाच आहे. पुराव्यात खटला चालवण्याइतकाही जीव नाही म्हणून कोर्टाने सोडले, तर ती दोषमुक्ती. साक्षीपुरावा होऊन सोडले, तर निर्दोष मुक्तता. तिच्यावर अपील होऊ शकते. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला, तर ती चौथी गोष्ट.

सरकारी नोकरीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ असा रकाना असतो, तेव्हा ही चारी उत्तरे कामाला येतात. सुटका झाली म्हणून ‘नाही’ लिहिणारी पोरे नोकरी गमावतात, आणि ती गुन्ह्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे. २०१६ च्या अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माहिती खरी दिली पाहिजे, आणि ती दिल्यावर नियुक्ती करणाऱ्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. पासपोर्टचेही तसेच : खटला प्रलंबित असला, तर कोर्टाची परवानगी घेऊन परदेशी जाता येते.

आणि ‘जन्मठेप’? तिथे तर शब्दावर श्रद्धाच बसलेली आहे. चौदा वर्षांत सुटतो, तुरुंगात दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणून सातच वर्षे, असे पारावर ठामपणे सांगितले जाते. रात्र वेगळी मोजण्याची रीत कायद्यात कुठेही नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले, आणि ते सांगितले एका मराठी कैद्याच्या अर्जावर. गांधीहत्येच्या खटल्यातल्या गोपाळ गोडसे यांनी सवलतीचे दिवस धरून आपली शिक्षा पुरी झाल्याचा दावा केला होता. तो फेटाळला गेला. शिक्षेत सूट देणे सरकारच्या अधिकारातले, कैद्याच्या हक्काचे नव्हे, असे ठरले. चौदाचा आकडा आला तो पुढे, १९७८ च्या दुरुस्तीने, आणि उलट्या अर्थाने : फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षे पुरी होण्याआधी सोडायचेच नाही. जो उंबरठा होता, त्याला लोकांनी दार समजले.

हे सगळे कळूनही वकील लागतोच. फी परवडत नाही म्हणून थांबू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असते, आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. वकिलाला काय सांगावे, याचेही कोडे नको. झालेल्या गोष्टीबद्दल अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाला अशिलाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पुढच्या गुन्ह्याची योजना तेवढी या आडोशाला लपत नाही. तेव्हा अर्धे खरे सांगून आपल्याच वकिलाला कोर्टात तोंडघशी पाडू नये.

टेबलापाशी आलेला तो बाप दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. या वेळी त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद असतो. “साहेब, गुन्हा दाखल आहे, पण अटक नाही. पस्तीस-तीनचं समजपत्र दिलंय, तारीख परवाची आहे.” वकील चष्मा सारखा करून खुर्ची पुढे ओढतो. आता बोलता येईल.